अपडेट बसत नाहीये? फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

विंडोजचं अपडेट दोनदा फसलं की लोक मशीन उचलून बाजारात नेतात आणि काउंटरवर ठरलेलं उत्तर मिळतं, "फॉरमॅट मारावं लागेल." दुकानदाराचं गणित मला समजतं. फॉरमॅट ठरल्या वेळेत उरकतं, नवशिक्या पोराकडूनही करून घेता येतं. कारण शोधायला मात्र अख्खी दुपार जाते आणि त्या दुपारचे पैसे कुणी देत नाही. पण नंतरची निस्तरानिस्तर गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडते. प्रिंटरचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा छोटा प्रोग्रॅम), डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर, मंडळाच्या अहवालासाठी घातलेले श्रीलिपीचे फॉन्ट, टॅलीचा डेटा नेमका कुठल्या फोल्डरात होता, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मी इंदुरात घरोघरी जाऊन कंप्युटर दुरुस्त करते. रामबाग, तिलकनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर, शिवाय दोन-चार सीएंची ऑफिसं. अपडेट न बसण्याला बहुतेकदा एकच कारण असतं, ते किरकोळ असतं आणि विंडोजने ते लिहूनही ठेवलेलं असतं. ते वाचायचं आणि मग एका वेळी एकच गोष्ट करून बघायची. पाच उपाय एकदम केले आणि अपडेट बसलं, तर कशाने बसलं ते कळत नाही आणि पुढच्या महिन्यात तुम्ही तिथेच येता.

नावं विंडोज ११ मधली देते आहे. १० मध्ये ती थोडी इकडेतिकडे असतात, पण सापडतात.

आधी कोड वाचा

सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, त्यात अपडेट हिस्टरी. तिथे फसलेल्या अपडेटचं नाव, केबीने सुरू होणारा क्रमांक आणि शून्य-एक्सने सुरू होणारा एक कोड दिसेल. कधी कोड विंडोज अपडेटच्या मुख्य पानावरच लाल अक्षरांत असतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढा. "ताई, काहीतरी लाल आलं होतं, मी बंद केलं," एवढ्यावर मला काही करता येत नाही.

सुरुवातीचं शून्य-एक्स सोडून मला नेहमी भेटणारे कोड सांगते. ८००७००७० म्हणजे डिस्कवर जागा नाही. ८००७०४२२ म्हणजे अपडेटची सर्व्हिसच, म्हणजे पडद्यामागे चालणारा त्याचा प्रोग्रॅमच, बंद करून ठेवली आहे. ८००७२एफ८एफ आला तर आधी घड्याळ बघा. ८००७३७१२ किंवा ८००एफ०८१एफ म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या फायली बिघडल्या आहेत किंवा दुरुस्तीला लागणाऱ्या फायली सापडत नाहीत. सी१९००१०१ ने सुरू होणारा कोड असेल तर संशय ड्रायव्हरवर. ८००७००२० म्हणजे लागणारी फाइल दुसरा एखादा प्रोग्रॅम धरून बसलाय, आणि तो बहुधा अँटिव्हायरस असतो.

८००७०६४३ हा मात्र फसवा आहे. एकाच कोडखाली निरनिराळी दुखणी येतात, म्हणून त्याच्यासोबतचा केबी क्रमांक आधी बघायचा. जानेवारी २०२४ मध्ये केबी५०३४४४१ नावाचं अपडेट विंडोज १० वर ठिकठिकाणी याच कोडने फसत होतं. डिस्कवर रिकव्हरीसाठी राखलेलं एक छोटं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा केलेला तुकडा, असतं. त्यात २५० एमबी मोकळी जागा हवी होती आणि जुन्या मशिनींत ती नव्हती. त्या एका अपडेटपायी विंडोज खराब झालेलं नव्हतं, बाकीची अपडेटं बसत होती. तरी त्याच्यासाठीही फॉरमॅट मारून घेतलेले लोक मला भेटले आहेत. पार्टिशन वाढवायचे उपाय नेटवर मिळतात, पण डेटाची दुसरी प्रत नसेल तर घरी त्या वाटेला जाऊ नका.

रीस्टार्ट, शटडाउन नव्हे

हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो. "रोज रात्री बंद करतो की आम्ही!" बंद करता, पण विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन पूर्ण होत नाही. आतला गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि सकाळी तोच पुन्हा उघडतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं खरोखर नव्याने सुरू होतं. म्हणून पहिला उपाय रीस्टार्ट, तोसुद्धा मशीनला लावलेली पेनड्राइव्ह, बाहेरची हार्डडिस्क, प्रिंटरची वायर आणि डिजिटल सहीचं टोकन काढून. लॅपटॉप चार्जरवर ठेवा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर पावसाळ्यात, गडगडत असताना अपडेटला हात घालू नका.

रीस्टार्ट झाल्यावर उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या डेस्कटॉपमध्ये हे फार होतं. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा तीन व्होल्टचा चपटा सेल संपला की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. मग अपडेटच्या सर्व्हरचं सुरक्षेचं प्रमाणपत्र मशीनला खोटं वाटतं आणि ते बोलणंच तोडतं. बँकेची साइटही तेव्हा उघडत नाही, ही त्याची खूण. टाइम अँड लँग्वेजमध्ये जाऊन वेळ दुरुस्त करा, सिंक नाउ दाबा. जेल रोडवर तो सेल किरकोळीत मिळतो, पण बसवताना मशीनची वायर भिंतीतून काढलेली असू द्या.

जागा

सी ड्राइव्हवर महिन्याच्या अपडेटला दहा जीबी आणि विंडोजची नवी आवृत्ती घ्यायची असेल तर पंचवीस जीबी मोकळी असावी, असा माझा हिशोब. यापेक्षा कमी जागेतही कधीकधी काम होतं, पण मग त्याचा भरवसा नाही. स्वस्तातले जे ६४ जीबीचे लॅपटॉप घेतले जातात, त्यांचं निम्मं दुखणं इथेच असतं.

सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज, टेंपररी फाइल्स. यादी आली की खुणा डोळे मिटून करू नका. त्या यादीत डाउनलोड्स नावाचीही एक चौकट असते. तिच्यावर खूण केलीत तर तुम्ही उतरवलेली सगळी बिलं, पावत्या, नातवाचे फोटो एका फटक्यात जातील. बाकी तात्पुरत्या फायली, जुनी अपडेटं, रीसायकल बिन बिनधास्त साफ करा. विंडोजची आधीची आवृत्तीही तिथे दिसू शकते. ती कित्येक जीबी खाते, पण ती काढली की मागे जाण्याचा रस्ता बंद होतो. नवी आवृत्ती नीट चालत असेल तरच काढा. एरवी विंडोज दहा दिवसांनी ती आपणच काढून टाकतं.

यानंतरही जागा कमी पडली तर व्हॉट्सॲपने साठवलेले व्हिडिओ बघा. सुप्रभातचे आणि सत्संगाचे व्हिडिओ काढून एका काकांच्या मशीनवर एवढी जागा निघाली की पुढचं काहीच करावं लागलं नाही. काका आठवडाभर माझ्यावर रुसले होते.

नेट आहे, पण अपडेट उतरत नाही

घरात वायफाय नाही, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालतं, अशी घरं पुष्कळ आहेत. विंडोजने त्या जोडणीला मीटर्ड ठरवलं असेल, म्हणजे मोजून मिळणारं नेट, तर मोठी अपडेटं ते मुद्दाम रोखून ठेवतं. विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये मीटर्ड जोडणीवरही डाउनलोड करू देण्याचं बटण असतं. ते चालू करायचं, पण तुमच्या फोनच्या रोजच्या डेटात एवढं बसतं का, हे आधी बघायचं. ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारं व्हीपीएन चालू असेल तर तेही बंद करून बघा. ८००एफ०९२२ या कोडमागे कधी व्हीपीएन असतं, तर कधी सिस्टीमसाठी राखलेल्या पार्टिशनमधली अपुरी जागा.

मुदत संपलेला अँटिव्हायरसही वाट अडवतो. नुसता डिसेबल करून भागत नाही, तो अनइन्स्टॉलच करा. तो गेला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप कामाला लागतो. मशीन उघडं पडत नाही.

कुणीतरी मुद्दाम बंद केलेलं अपडेट

हे बघायचं राहून जातं, आणि आमच्या भागात ते फार सापडतं. मशीन विकताना किंवा फॉरमॅट मारून देताना काही जण अपडेटची सर्व्हिसच बंद करून ठेवतात. अपडेटनंतर गिऱ्हाइकाची तक्रार नको आणि वापरलेली कॉपी परवान्याची नसेल तर त्याची वाच्यता नको. वर्षा-दोन वर्षांनी तुम्ही अपडेट दाबता आणि ८००७०४२२ समोर येतो.

विंडोजचं बटण दाबून ठेवा आणि आर दाबा. छोटी चौकट येईल, तिच्यात सर्व्हिसेस हा इंग्रजी शब्द, मग टिंब, मग एम-एस-सी असं लिहून एंटर. लांबलचक यादी उघडेल. त्यात विंडोज अपडेट शोधा, दोनदा क्लिक करा. स्टार्टअप टाइप डिसेबल्ड दिसला तर तो मॅन्युअल करा, अप्लाय दाबा, मग स्टार्ट. बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस नावाची दुसरी सर्व्हिसही बघून घ्या, डाउनलोडचं काम तिच्याकडे असतं. विंडोज अपडेट हे नावच यादीत नसेल, तर तुमच्या मशीनवर कापून-छाटून बनवलेलं कुठलं तरी हलकं विंडोज घातलेलं आहे. तिथे हा लेख थांबवा. पैसे मोजून घेतलेलं खरं विंडोज घाला. फॉरमॅट मारा असं मी सांगेन ते या एका जागी.

अर्धवट उतरलेल्या फायली काढून टाकणं

डाउनलोड होता होता लाइट गेली किंवा नेट तुटलं, तर अर्धी फाइल तशीच पडून राहते आणि विंडोज दरवेळी तिच्याशीच झगडत बसतं. त्याच सर्व्हिसेसच्या यादीत विंडोज अपडेट आणि बॅकग्राउंडवाली सर्व्हिस दोन्ही स्टॉप करा. मग सी ड्राइव्ह, विंडोज, सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन, डाउनलोड. या डाउनलोड फोल्डरच्या आतलं सगळं निवडून डिलीट करा. फोल्डर स्वतः राहू द्या. मशीन रीस्टार्ट करा आणि चेक फॉर अपडेट्स दाबा. सगळं नव्याने उतरेल, म्हणून वेळ जास्त लागेल. तुमचे स्वतःचे डाउनलोड वेगळ्या जागी असतात, त्यांना यात धक्का लागत नाही.

विंडोजचा स्वतःचा ट्रबलशूटरही आहे. सिस्टीम, ट्रबलशूट, अदर ट्रबलशूटर्स, विंडोज अपडेट. एकदा चालवून बघायला हरकत नाही. माझा त्याच्यावर फारसा विश्वास नाही, पण बंद पडलेल्या सर्व्हिसा तो कधीकधी चालू करून देतो.

दोन आज्ञा

विंडोजच्याच फायली बिघडल्या असतील तर काळ्या चौकटीत जावं लागतं. घाबरायचं कारण नाही, मी हे फोनवरून काकूंकडूनही करून घेते. स्टार्टमध्ये सी-एम-डी लिहायचं, कमांड प्रॉम्प्ट दिसला की त्यावर उजवं क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर, मग यस.

"काकू, आता मी सांगते तशी इंग्रजी अक्षरं लिहा. डी-आय-एस-एम. आता मोठं बटण दाबून जागा सोडा. तिरकी रेघ, प्रश्नचिन्हाच्या बटणावरची. तिला चिकटून ऑनलाइन. जागा. तिरकी रेघ, क्लीनअप, मधली आडवी रेघ, इमेज. जागा. तिरकी रेघ, रिस्टोअरहेल्थ, मध्ये जागा न सोडता. आता एंटर, आणि नेट चालू राहू द्या."

ही आज्ञा चांगल्या फायली मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून आणते. ६२.३ टक्क्यांवर ती बराच वेळ थांबलेली दिसते. अडकली म्हणून चौकट बंद करू नका. चहा ठेवा. ती संपली की दुसरी आज्ञा: एस-एफ-सी, जागा, तिरकी रेघ, स्कॅननाउ. शेवटी एक वाक्य येतं. काही बिघाड सापडला नाही, किंवा सापडला आणि दुरुस्त झाला, असं असेल तर रीस्टार्ट करून अपडेट पुन्हा द्या. सापडला पण काही फायली दुरुस्त करता आल्या नाहीत, असं आलं तर पुढच्या उपायाकडे जा. क्रम उलटा करू नका. दुसरी आज्ञा जिथून चांगल्या फायली घेते, तो साठाच पहिली नीट करत असते.

फॉरमॅटऐवजी

दुकानात हा उपाय सहसा सुचवत नाहीत. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत सिस्टीम, रिकव्हरीमध्ये "फिक्स प्रॉब्लेम्स यूझिंग विंडोज अपडेट" अशी ओळ आहे आणि तिच्यापुढे रीइन्स्टॉल नाउचं बटण. यात विंडोज पुन्हा घातलं जातं, पण तुमच्या फायली, प्रोग्रॅम आणि सेटिंग्ज जागच्या जागी राहतात. ती ओळ दिसत नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजची आयएसओ फाइल (अख्खं विंडोज भरलेली एकच फाइल) उतरवून, विंडोज चालू असतानाच ती उघडून आतला सेटअप चालवायचा. तो काय काय ठेवू असं विचारतो तेव्हा फायली आणि ॲप्स दोन्ही ठेवायला सांगायचं. त्यातलं ॲप्स ठेवण्याचं खूणचिन्ह फिकं पडलेलं दिसलं तर पुढे जाऊ नका. बहुधा आयएसओची भाषा किंवा आवृत्ती तुमच्याशी जुळत नाहीये.

एकच विशिष्ट अपडेट अडत असेल तर मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगवर केबी क्रमांक शोधून ते हाताने उतरवता येतं. इंटेल किंवा एएमडीच्या मशीनला एक्स६४ लिहिलेली फाइल घ्यायची.

सी१९००१०१ वाल्यांनी मात्र आधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण कुठे आहे का ते बघावं आणि ग्राफिक्स, वायफाय यांचे ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घ्यावेत. "ड्रायव्हर अपडेटर" म्हणून जे फुकट प्रोग्रॅम जाहिरातीत दिसतात ते नकोत.

टक्का हलत नाहीये

निळ्या पडद्यावर तीस टक्के, आणि काटा पुढे सरकत नाही. जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर दोन-तीन तास धरून चाला. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तोवर काम चालू आहे. बदल मागे घेत असल्याचा संदेश आला तर बटणाला अजिबात हात लावू नका. रात्रभर ठेवून सकाळीही तोच टक्का आणि दिवा थंड, तरच पॉवर बटण दहा सेकंद दाबून बंद करा.

नंतर विंडोज उघडलंच नाही तर सुरू होता होता ते दोन-तीनदा असं बंद केलं की दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये शेवटचं अपडेट काढून टाकायची सोय आहे. पण तिथे तो पडदा बिटलॉकरची ४८ आकडी किल्ली मागू शकतो. मायक्रोसॉफ्ट खातं घालून सुरू केलेल्या नव्या लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. ही किल्ली त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मशीन चालू आहे तोवर, आजच, खात्यात जाऊन ती कागदावर उतरवून घ्या. लॅपटॉप सुरू करताना मुलाने पुण्याहून स्वतःचं खातं घातलं असेल तर किल्ली त्याच्या खात्यात असेल. त्याला फोन करा.

काहीच बिघडलेलं नसतं तेव्हा

विंडोज १० ची सर्वसाधारण अपडेटं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. त्यानंतर काही येत नसेल तर मशीन ठीक आहे. विंडोज अपडेटच्या पानावर वाढीव सुरक्षेच्या योजनेत नाव नोंदवायची लिंक असते. मशीनवर २२एच२ ही आवृत्ती असेल तर घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेटं त्या योजनेत मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना खोटं विंडोज अडवणारी सोय) आणि यादीत बसणारा प्रोसेसर लागतो. इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढे. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या मशीनवर युक्त्या करून ११ घालणारे आहेत. मी घालत नाही, कारण पुढच्या मोठ्या आवृत्तीच्या वेळी तेच गिऱ्हाईक पुन्हा मलाच फोन करतं. उलट मशीन चांगलं आहे आणि नवी आवृत्ती तरी दिसत नाही, असंही होतं. तुमच्या एखाद्या ड्रायव्हरशी तिचं पटत नाही म्हणून मायक्रोसॉफ्टने ती रोखून धरलेली असू शकते. तिथे जबरदस्ती करू नका.

सीएंच्या ऑफिसांसाठी एक वेगळी गोष्ट. महिन्याचं मोठं अपडेट दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेत सकाळी निघतं, म्हणजे आपल्याकडे रात्री उशिरा. मशीन त्याला हात घालतं ते बुधवारी. दुसरा मंगळवार ८ ते १४ मधला कुठलाही असू शकतो आणि जीएसटीचं पहिलं रिटर्न असतं ११ तारखेला. हे दोन्ही एकमेकांवर येऊन आदळतात. म्हणून ७ तारखेला विंडोज अपडेटमध्ये पॉज दोन आठवड्यांसाठी दाबून ठेवा. २० तारखेचं रिटर्नही उरकेल. २१ ला पॉज काढा आणि संध्याकाळी मशीन चालू ठेवून घरी जा. जास्तीत जास्त पाच आठवडेच पॉज मिळतो.

एवढं करूनही अडलं, आणि मशीनमधून टिकटिक ऐकू येते, फायली उघडायला मिनिटं लागतात, तर ती हार्डडिस्क मरायला टेकली आहे. अपडेट राहू द्या, आधी डेटा दुसरीकडे काढा. आणि कुणालाही बोलावताना फोनवरच तीन गोष्टी सांगा: केबी क्रमांक, कोड, आणि सी ड्राइव्हवर किती जीबी मोकळी आहे. म्हणजे येताना पेनड्राइव्ह आणायची की नवी एसएसडी, ते आधीच ठरवता येतं.